झऱ्याजवळ टेंट लावायचा की नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडायला लागली की कॅम्पिंगचे प्रश्न येतातच, या वेळी मात्र निम्म्याहून जास्त प्रश्न झऱ्यांवरचे आहेत, म्हणजे डोंगरातला जिवंत झरा, त्याच्या शेजारी टेंट, सकाळी तिथेच आंघोळ आणि तिथलंच पाणी प्यायचं. सगळ्यांना एकेक उत्तर देणं जमत नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग नसावा.

प्रश्न : आम्ही ऑफिसमधले सहा-सात जण डिसेंबरमध्ये सह्याद्रीत एखाद्या बारमाही झऱ्याच्या काठावर दोन रात्री राहायचं म्हणतोय. रील्समध्ये पाण्याला अगदी चिकटून टेंट लावलेले दिसतात, तसं चालतं का? जागा कशी बघायची? (एक वाचक, चिंचवड)

दादा, रील बनवणारे बऱ्याचदा फोटोपुरता टेंट तिथे लावतात आणि रात्री दुसरीकडे झोपतात, हे पहिलं. आणि खरंच झोपत असतील तर पहाटे त्यांचे हाल बघण्यासारखे असतात कारण थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट जागेत साठते आणि झरा बहुतेक वेळा असल्याच खोलगटीत असतो. वरून दव, खालून ओल, स्लीपिंग बॅग ओली ती ओलीच. त्याच झऱ्यापासून थोडं बाजूला, जरा उंचवट्यावर मुरमाड जमीन बघून झोपलात तर रात्र कितीतरी सुखाची जाते.

पण हे झालं तुमच्या सोयीचं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, की तुम्ही झऱ्याच्या किती जवळ आहात एवढंच बघू नका, झऱ्याच्या वर काय करताय ते बघा. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. पावसाचं पाणी वरच्या पठारावर मुरतं, कातळाच्या भेगांमधून खाली उतरत जातं, मग कुठेतरी एखादा घट्ट थर आडवा येतो आणि पाण्याला खाली जायला वाट राहत नाही म्हणून ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं, तोच आपला झरा. महाबळेश्वर-पाचगणीला किंवा कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माळांवर, वर जांभा दगड असतो, जांभ्याला नुसती छिद्रंच छिद्रं, आणि त्याच्या खाली चिकणमातीचा थर, म्हणून सड्याच्या कडेखाली ओळीने झरे लागलेले दिसतात. आता गंमत अशी की वाळूच्या जाड थरातून पाणी जसं गाळून निघतं तसं या भेगांमधून निघत नाही, वरून जे आत गेलं ते फारसं न गाळता खाली येऊ शकतं. म्हणजे झऱ्यापाशी तुम्ही एकदम शिस्तीत वागलात, कागदाचा कपटा टाकला नाहीत, पण सकाळी 'जरा वर जाऊन येतो' म्हणून सगळे पठारावर आडोशाला बसून आलात, तर त्या पाण्याची वाट तुम्हीच लावली. हे कुणी सांगत नाही. सगळे 'पाण्यात घाण करू नका' एवढंच सांगतात.

तेव्हा टेंट झऱ्याच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला, पाण्यापासून निदान 60 मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 70-80 पावलं. संडासची जागाही पाण्यापासून तेवढीच लांब, झऱ्याच्या वरच्या अंगाला तर नकोच नको, आणि 15-20 सेंटीमीटर खोल खड्डा करून मातीने बुजवायचा, टिश्यू आणि वेट वाइप्स पिशवीत भरून परत आणायचे. वेट वाइप्स कुजत नाहीत हो, त्यात प्लास्टिकचे धागे असतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रात टेंट लावायचा नाही, कितीही सपाट आणि मऊ वाळू दिसली तरी.

आणि सगळ्यात आधी, शेवटच्या वाडीत थांबून विचारा की हे पाणी कोण भरतं. उन्हाळ्यात अख्खी वाडी किंवा धनगरवाडा एका झऱ्यावर जगतो अशी ठिकाणं भरपूर आहेत, तिथे बायका पहाटे अंधारात हंडे घेऊन येतात आणि तुमचे टेंट वाटेत. काही झरे देवराईत असतात, तिथे चपला काढायच्या, काटकीसुद्धा उचलायची नाही असा नियम असतो, तो पाळायचा, देव मानत असाल नसाल तो भाग वेगळा. अभयारण्याची हद्द असेल तर वनखात्याची परवानगी लागते. हरिश्चंद्रगड घ्या, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वर देवळाशेजारी पुष्करणी आहे, केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यात पिंड आहे, आणि विकेंडला गर्दी अशी की विचारू नका. मी तर म्हणेन गडाच्या पायथ्याच्या पाचनईत गावकऱ्यांकडे मुक्काम करा, पिठलं-भाकरी खा, पहाटे निघून वर जा. गावात चार पैसे जातात आणि वरच्या पाण्यावरचा ताणही कमी होतो.

प्रश्न : झऱ्याचं पाणी डायरेक्ट प्यायलं तर चालतं ना? माझे सासरे म्हणतात जिवंत पाण्याला काही होत नाही. बरोबर आठ वर्षांची मुलगी असणार आहे. (एक वाचक, नाशिक)

ताई, सासऱ्यांच्या लहानपणी झऱ्याच्या वर फार तर दोन गुरं चरत होती, आता वर काय काय आहे ते कुणाला ठाऊक. वाहतं पाणी, गार पाणी, काचेसारखं स्वच्छ पाणी, यातल्या एकाही गोष्टीवरून जंतू आहेत की नाहीत ते कळत नाही. मुलगी बरोबर आहे तर उकळाच. खळखळून उकळी आली की पूर्ण एक मिनिट ठेवायचं, बस. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं लागतात पण आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेच 1,646 मीटर, तेव्हा महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब, पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, हा अर्धा तासच लोक थांबत नाहीत. पाणी गढूळ असेल तर आधी सुती कापड चार पदरी करून गाळून घ्या, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतात असं नाही, हे आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

पाणी घ्यायचं ते जिथे दगडातून बाहेर पडतंय तिथूनच, खाली साचलेल्या डबक्यातून नाही. आणि गडावरच्या टाक्यांचं वेगळं असतं, काही टाक्यांना आतून झरा आहे पण बरीचशी नुसत्या पावसाच्या पाण्याची आहेत, प्यायचं टाकं कुठलं हे गावातल्या माणसाला विचारून घ्या.

प्रश्न : बायोडिग्रेडेबल साबण झऱ्यात वापरला तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

नाही. तो साबण मातीत कुजतो, पाण्यात पडल्या पडल्या नाहीसा होत नाही. बादलीभर पाणी घ्या, लांब जा, तिथे काय ती आंघोळ करा. भांड्यांचंही तेच, उरलेला मसालेभात झऱ्यात खळबळायचा नाही.

प्रश्न : मुलगा फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला असतो. आम्ही दोघं (वय 63 आणि 60) मार्चपर्यंत तिकडे आहोत. तो म्हणतो तिथल्या स्प्रिंग्जवर कॅम्पिंगला जाऊ. आपल्याकडच्या झऱ्यांसारखंच असतं का? मगरी असतात म्हणे! (एक वाचक, सध्या मुक्काम जॅक्सनव्हिल)

काका, जरूर जा, आणि आपला झरा डोक्यातून काढून टाका कारण तिकडचा एकेक झरा म्हणजे नदीच जमिनीतून वर येते. खाली चुनखडीचा दगड आहे, तो पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यामुळे जमिनीखाली भुयारं आणि पोकळ्या झाल्यात आणि तिथून पाणी दाबाने वर येतं. अख्ख्या राज्यात असे हजाराच्या वर झरे आहेत. त्यातले जे सगळ्यात मोठे, ज्यांना ते लोक पहिल्या दर्जाचे म्हणतात, त्यातून सेकंदाला 2,800 लिटरहून जास्त पाणी येतं, म्हणजे आपला दहा हजार लिटरचा टँकर चार सेकंदांच्या आत भरेल. आणि पाणी बाराही महिने साधारण 22 डिग्री. उन्हाळ्यात अंगावर काटा येतो आणि थंडीत बाहेरची हवा गार असली की तेच पाणी कोमट वाटतं, हवेशी तुलना हो, बाकी काही नाही. तुमच्या वयाला एवढंच सांगतो की एकदम उडी मारू नका, हळूहळू उतरा, गार पाण्यात अचानक गेलं की दम लागतो.

राहायचं तर ओकाला नॅशनल फॉरेस्टमध्ये ज्युनिपर स्प्रिंग्ज आणि अलेक्झांडर स्प्रिंग्ज आहेत, दोन्हीकडे कॅम्पग्राउंड आहे, तुमच्यापासून गाडीने आरामात जाता येईल. ज्युनिपरला 1930 च्या दशकात मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांना काम देऊन बांधकाम करून घेतलं होतं, झऱ्याला काठ बांधलाय, पाणचक्कीचं जुनं घर आहे, बघायला फार छान. इचेटकनी स्प्रिंग्ज पार्कला हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून नदीतून वाहत जायचं असतं, मोठी मजा, पण त्या पार्कच्या आत राहायची सोय नाही आणि नदीवर खाण्यापिण्याचं काही नेता येत नाही, डिस्पोजेबल बाटलीसुद्धा नाही. मला हा नियम भयंकर आवडतो, आपल्याकडे लावला तर पहिल्या रविवारी मारामाऱ्या होतील. जिनी स्प्रिंग्ज खाजगी आहे, तिथे कॅम्पिंग होतं पण सुट्टीच्या दिवसांत तरुण पोरांचा दंगा असतो, तुम्ही दोघं असाल तर मधल्या वारी जा. आणि थंडीत असाल तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क चुकवू नका, तिथे मॅनटी म्हणजे त्या गलेलठ्ठ समुद्रगायी नदीचं पाणी गार पडलं की उबेसाठी झऱ्यात येऊन पडतात, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत म्हणून पोहणं बंद असतं, काठावरच्या लाकडी वाटेवरून बघायचं.

मगरी म्हणजे तिकडच्या अ‍ॅलिगेटर, आहेत, खोटं कशाला सांगू. पोहायला आखून दिलेल्या जागेतच आणि दिवसाउजेडी पोहायचं, संध्याकाळनंतर पाण्यात पाय घालायचा नाही, आणि त्यांना खायला टाकणं हा तिथे गुन्हा आहे, नातवंडांनाही सांगून ठेवा. ओकालाच्या जंगलात काळी अस्वलंही आहेत, तेव्हा चिवडा, लाडू, लोणचं, वास येणारं सगळं गाडीत बंद, टेंटमध्ये काही नाही.

बाकी तिकडेही दुखणं तेच. वर शेतात पडलेलं खत आणि घरांच्या सेप्टिक टँकचं पाणी चुनखडीतून खाली जातं, झऱ्यात नायट्रेट वाढतं आणि कित्येक निळेशार झरे शेवाळाने हिरवे पडलेत. मैलभर लांब कुणीतरी लॉनला खत घालतोय आणि भोगतोय झरा.

प्रश्न : सावंतवाडी-दोडामार्ग भागात फेब्रुवारीत जंगलातल्या झऱ्यावर कॅम्प करायचा विचार आहे. माकडतापाचं ऐकलं, ते खरं आहे का? (एक वाचक, म्हापसा)

खरं आहे आणि तुम्ही नेमका त्याचा सीझनच निवडलाय. हा आजार पहिल्यांदा 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, सिंधुदुर्गात 2016 ला दोडामार्ग, बांदा भागात साथ आली, तुमच्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातही रुग्ण सापडले होते. विषाणू गोचिडीतून येतो, माकडं त्याने मरतात आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूला पसरतात. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत जोर आणि काजूचा हंगामही तेव्हाच, म्हणून काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. पाचोळ्यावर बसणं, लोळणं, टेंट टाकणं हाच सगळ्यात मोठा धोका आणि झऱ्याकाठी पाचोळाच पाचोळा.

माझं मत विचाराल तर त्या पट्ट्यात फेब्रुवारीत जंगलात झोपू नका. दिवसा जाऊन या, पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला मुक्काम करा. जाणारच असाल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा की आसपास माकडं मेलीत का. पँट मोज्यात खोचायची, अंगाला गोचीड पळवणारं तेल लावायचं (आरोग्य खातं वाटतं ते डेपा तेल), परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग साबणाने घासून. आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर डॉक्टरांना 'मी त्या जंगलात गेलो होतो' हे वाक्य आधी सांगा, नाहीतर ते डेंगीच्या मागे लागतील.

प्रश्न : राजापूरच्या गंगेवर कॅम्पिंग करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उन्हाळे गावची ती गंगा म्हणजे तीर्थ आहे हो, चौदा कुंडं, भाविकांची रांग, तिथे टेंट कसला लावताय! राजापुरात लॉजवर राहा. आणि आधी गंगा आली आहे का ते बघा, साधारण तीन वर्षांनी येते आणि काही महिने राहून जाते असा हिशेब जुने लोक सांगतात पण अलीकडे ती हिशेब पाळत नाही. जमिनीखाली सायफनसारखी रचना असावी, पोकळी भरली की पाणी एकदम सुटतं आणि एका पातळीच्या खाली गेलं की बंद, असं तिचं कारण दिलं जातं. जवळच गरम पाण्याचं कुंडही आहे, एका फेरीत दोन्ही होतात.

प्रश्न : शेकोटी, गाणी, थोडं म्युझिक याशिवाय कॅम्पिंगला मजा काय? तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता. (एक वाचक, पनवेल)

गाणी म्हणा की, गळ्याने म्हणा. स्पीकर नको. झरा हा रात्री जनावरांचा पाणवठा असतो, संध्याकाळी आणि पहाटे भेकर, रानडुक्कर, बिबट्या पाण्यावर येतात, उन्हाळ्यात तर पाच-सहा किलोमीटरमध्ये तेवढं एकच पाणी उरलेलं असतं आणि तुम्ही तिथे स्पीकर लावून बसलात की ती बिचारी रात्रभर तहानलेली लांब उभी. उलट शांत बसलात तर जे दिसतं त्याला तोड नाही, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसायला देतं ना, ताडोब्याला वगैरे, ते बुकिंग काही मिनिटांत संपतं, ते काय उगाच?

शेकोटीचं म्हणाल तर राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग पेटवणं गुन्हा आहे, विषय संपला. खाजगी जागेत मालकाने हो म्हटलं तर जुन्या राखेच्या जागीच, छोटी, आणि झोपताना पाणी ओतून हात लावून बघायचा की राख गार झाली का. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, वणवा एका ठिणगीवर लागतो आणि पठार जळालं की पुढच्या पावसात माती वाहून जाते, पाणी मुरत नाही, खालचा झरा आटतो. आणखी एक, कड्याला आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात, खाली धूर केलात तर त्या तुम्हाला सोडणार नाहीत, गडांवर असे प्रकार होत असतात. उग्र परफ्यूमही टाळा.

पैसे देऊन कॅम्पला जाणार असाल तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन खात्याकडे त्यांची नोंदणी आहे का ते विचारा. आणि संडासचं पाणी कुठे सोडता हेही विचारा, उत्तर देताना बोबडी वळली तर समजून जा.

प्रश्न : झऱ्याजवळ साप जास्त असतात का? पावसाळ्यात गेलो तर? (एक वाचक, सातारा)

बेडूक असतात म्हणून साप असतात, सरळ आहे. ओढ्याकाठच्या झुडपात हिरवा चापडा फांदीवर बसलेला असतो, दगडांच्या सांदीत फुरसं. मला सगळ्यात जास्त भीती मण्यारची वाटते कारण ती रात्री फिरते, झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही फारसं, माणूस पुन्हा झोपतो. म्हणून उघड्यावर झोपायचं नाही, टेंटची चेन रात्रभर बंद, बूट आत घ्यायचे, बॅटरीशिवाय पाण्यावर जायचं नाही. चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन आणि सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथे असतं.

पावसाळ्यात झरा बघायला जा, राहायला नको. झऱ्याच्या उगमाला पूर येत नाही पण खालच्या ओढ्याला येतो, तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या डोंगरात पडला की मिनिटांत येतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय आणि पुढच्या रविवारी लोक परत तिथेच.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर बरोबर नेला तर? त्याला पाणी फार आवडतं. (एक वाचक, औंध)

अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही. बाहेरच्या जागेत नेलात तर पट्टा सोडू नका, बिबट्याला कुत्रा फार आवडतो, आणि रात्री त्याला टेंटच्या बाहेर बांधणं तर अजिबात नको. झऱ्यात उतरवू नका, अंगाला गोचीड-पिसवांचं औषध लावलेलं असतं ते पाण्यातल्या किड्यांना, बेडकांना मारतं. त्याच्यासाठी एक पसरट भांडं घ्या, पाणी भरून आणून लांब ठेवा. पोहायचंच असेल त्याला तर जाताना वाटेत एखाद्या धरणाचं बॅकवॉटर लागेल, आधी काठावरच्या गावकऱ्यांना विचारून तिथे सोडा.